सहा लाख फेऱ्या

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रोग्रामरने तिसऱ्यांदा आपलं वाक्य टाइप केलं आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं : या किल्लीने डिस्क उघडत नाही.

ती खुर्चीवरून उठली. "मावशी, तुमचं टाकून बघा."

मावशी बसल्या. कीबोर्डकडे न बघता त्यांनी आपलं वाक्य टाइप केलं. उत्तर तेच. मग वकीलकाकांना बोलावलं. काका संस्थेचे संचालक, वय बहात्तर. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी चार मिनिटं घेतली. उत्तर तेच.

"म्हणजे काय झालं?" काकांनी विचारलं.

"म्हणजे आपण तिघंही बाहेर आहोत," प्रोग्रामर म्हणाली. "आत कोण आहे ते माहीत नाही."

कामावर अपघातात सापडलेल्या माणसांच्या जबान्या ध्वनिमुद्रित करून जपून ठेवणं, एवढंच या संस्थेचं काम. चष्म्याच्या दुकानावर तीन खोल्या, कामाला तीन माणसं, आणि आतल्या खोलीत पोलादी कपाटात एक डिस्क. डिस्कवरचं अक्षर न् अक्षर कूटबद्ध होतं. ती उघडायला तिघांची तीन वेगळी परवलीची वाक्यं होती आणि एकाचं वाक्य दुसऱ्याला माहीत नव्हतं. जबानी डिस्कवर चढली की रेकॉर्डर कोरा करायचा. मावशी ती ऐकून टाइप करत, तो मजकूरही डिस्कवरच. कागद नाही, दुसरी प्रत नाही. साक्षीदारांच्या जिवाला धोका नको म्हणून हा नियम होता, आणि सहा वर्षं त्याने कोणाचं नुकसान केलं नव्हतं.

कापड रंगवायच्या कारखान्यातला बॉयलर फुटून चार माणसं गेली, त्याच्या एकेचाळीस जबान्या या डिस्कवर होत्या. चौकशी आयोगाचा आदेश शनिवारी आला होता : संपूर्ण डिस्क, किल्ल्यांसह, बुधवारी सकाळी अकरा वाजता हजर करावी.

प्रोग्रामर बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर बॉयलरवाल्याची बहीण बसली होती. सतरावी जबानी तिच्या भावाची. हॉस्पिटलच्या खाटेवर घेतलेली, त्यानंतर नवव्या दिवशी तो गेला. कारखान्याचं म्हणणं होतं की सुरक्षा झडप त्यानेच बांधून ठेवली आणि चार मरणं त्याच्याच हातून झाली, त्याचं स्वतःचं धरून. आयोगाच्या अहवालाच्या मसुद्यातही तसंच लिहिलं गेलं होतं. ते खोडून काढू शकेल असा एकच आवाज उरला होता, आणि तो त्या कपाटात होता.

"उघडली?" बहिणीने विचारलं.

"अजून नाही."

"उघडेल ना?"

प्रोग्रामरने मान हलवली. ती मान कोणत्या बाजूला हलली ते बहिणीला कळलं नाही.

२

आयोगाने दुपारी आपली तपासनीस पाठवली. पन्नाशीची, हळू बोलणारी बाई. सोबत एक वही आणि जेवणाचा डबा. आल्या आल्या तिने कपाटाचं कुलूप पाहिलं, ते शाबूत होतं. मग ती प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"आयोगाच्या अध्यक्षांना समजावून सांगताय असं धरा. त्यांना मोबाइलसुद्धा नातू लावून देतो."

प्रोग्रामर सांगू लागली. डिस्कची खरी किल्ली एकच असते, ती कोणालाच माहीत नसते. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा भाग असतो, हेडर. त्यात खाने असतात. प्रत्येक खान्यात त्या खऱ्या किल्लीची एकेक प्रत, एकेका माणसाच्या वाक्यात गुंडाळून ठेवलेली. आपलं वाक्य दिलं की आपला खाना सुटतो, खरी किल्ली बाहेर येते, डिस्क उघडते. हे सगळं करणारी एक लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा तयार संच. प्रोग्रामरने त्या आज्ञा वापरून संस्थेसाठी साधा मेनू बनवला होता.

"आत्ता किती खाने भरलेले दिसतात?"

"एकच. शुक्रवारपर्यंत तीन होते. कोणीतरी आमचे तिन्ही काढून स्वतःचा एक बसवलाय."

"तो मेनू दाखवा."

पडद्यावर सहा बटणं होती. उघडा. बंद करा. नवी किल्ली. किल्ली काढा. हेडर फाइलमधून परत बसवा. सगळे खाने पुसा.

"शेवटची दोन कधी वापरलीत?"

"एकदाही नाही. लायब्ररीत होती म्हणून आणली मेनूत." तिने मान खाली घातली. "आम्ही असंच करतो. आहे ना, मग असू दे."

"ती दाबायला किल्ली लागते?"

"नाही. हेडर बिघडलं तरच ती लागणार, आणि हेडर बिघडलं तर किल्ली चालणारच नाही. मग विचारून उपयोग काय, असं वाटलं."

"आणि परत बसवायला हेडरची प्रत?"

"प्रत मी ठेवतच नाही. त्यात काढून टाकलेल्या किल्ल्या जिवंत राहतात. दोन वर्षांत एकही प्रत घेतलेली नाही." हे मात्र ती ताठ मानेने म्हणाली.

तपासनीसने वहीत दोन ओळी लिहिल्या. "त्या एका खान्याबद्दल वाक्य न देता काय काय कळतं?"

"फारसं नाही. फेऱ्यांचा आकडा कळतो."

"अध्यक्षांना सांगा."

"वाक्य टाइप केलं की ते तसंच वापरत नाहीत. दळतात. लाखो वेळा. चोराने एकामागून एक वाक्यं टाकून बघायची म्हटलं तर प्रत्येक वाक्याला त्याला तेवढंच दळत बसावं लागतं. किती फेऱ्या ते लायब्ररी ठरवते. किल्ली बसवताना ती मशिनचा वेग मोजते, त्या मशिनला साधारण दोन सेकंद लागतील एवढ्या फेऱ्या काढते आणि तो आकडा खान्यावर लिहून ठेवते."

"वाचा आकडा."

"सहा लाख दोन हजार."

"आता याच मशिनवर एक कोरी डिस्क लावा आणि तिला कोणतीही किल्ली बसवा."

प्रोग्रामरने बसवली. आकडा आला एकेचाळीस लाख. तिने पुन्हा बसवून पाहिली. चाळीस लाख नव्वद हजार. मावशींच्या टेबलावरच्या मशिनवर करून पाहिलं, अडतीस लाख.

"या ऑफिसात तिसरं मशिन?"

"नाही."

"मग ही किल्ली कोणत्या मशिनवर बसली?" तपासनीसने विचारलं.

प्रोग्रामर दोन्ही आकड्यांकडे बघत राहिली. इतकं हळू मशिन तिच्या ओळखीचं नव्हतं.

३

मावशींचं टेबल खिडकीपाशी होतं. कानाला लावायचा हेडफोन, पायाखाली पेडल. पायाने पेडल दाबलं की आवाज पुढे चाले, सोडलं की थांबे. एकेचाळीस माणसांचं बोलणं असं त्यांच्या पायाखालून गेलं होतं. समोरच्या भिंतीवर एक कोरा छापील अर्ज टाचलेला होता. तपासनीसने तो वाचला. "तुमचं नाव आणि आवाज तुमच्या परवानगीशिवाय या संस्थेबाहेर जाणार नाही." खाली संचालकांची सही आणि साक्षीदार म्हणून आणखी एकाची, अशा दोन जागा.

"साक्षीदार म्हणून सही कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"डिस्क शेवटची कधी उघडलीत?"

"शुक्रवारी संध्याकाळी. एकोणचाळिसाव्या जबानीतलं एक वाक्य नीट लागत नव्हतं."

"सतरावीत काय आहे?"

मावशींनी हेडफोनची वायर गुंडाळली. "मी सांगितलं तर ते माझं बोलणं होईल. त्याचं नाही. कारखान्याचा वकील म्हणेल, बाई, तुम्हाला नीट ऐकू येतं का."

"येतं का?"

"बाहेर ती मुलगी बसल्या बसल्या सुस्कारा टाकते तेसुद्धा ऐकू येतं." मग त्या म्हणाल्या, "आदेशात सगळी डिस्क का लिहिलीय? सतरावीच का नाही मागितली?"

"आदेश मी लिहीत नाही, मावशी."

"तेही खरं. मीही नुसती टाइपच करते."

तपासनीस बाहेर आली तेव्हा मावशी तिच्या मागोमाग पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि तो बहिणीला देऊन परत गेल्या. बहीण कपडे शिवायचं काम करायची. तिच्या बोटांच्या टोकांना सुईची भोकं होती.

"तुम्हाला काय वाटतं, सापडेल?" तिने तपासनीसला विचारलं.

"हरवलेलं काही नाही. बंद आहे."

"माझ्यासाठी दोन्ही सारखंच. परवा अकरानंतर माझा भाऊ चार माणसं मारणारा ठरणार. आईला मी सांगितलंय, बुधवारपर्यंत वर्तमानपत्र वाचू नकोस. बुधवारनंतर काय सांगू?"

४

वकीलकाकांच्या खोलीत पुस्तकं जमिनीपासून रचलेली होती आणि संगणक नव्हता.

"मला संगणक लागत नाही," ते म्हणाले. "मी बोलतो, मावशी टाइप करतात. बावीस वर्षं असंच चाललंय. माझं इंग्रजी त्या सुधारतात, मी मान्य करत नाही."

"शनिवारी आदेश आला तेव्हा काय झालं?"

"मी वाचून दाखवला. म्हटलं, आदेश तो आदेश, डिस्क द्यायची. पोरगी भडकली. म्हणाली, डिस्क हातातून पडून फुटली असं कळवा. मी म्हटलं, पोरी, मी आयुष्यात कोर्टाला खोटं सांगितलेलं नाही, म्हातारपणी तुझ्या डिस्कसाठी सुरुवात करू?"

"आणि मावशी?"

"मावशी काही बोलल्या नाहीत."

"शनिवारी ऑफिस कोणी बंद केलं?"

"आठवत नाही. तिघंही पाचपर्यंत होतो."

"सहा वर्षांपूर्वी ही डिस्क बसवली तेव्हाची पहिली किल्ली कोणाची होती?"

"पहिलं वाक्य काय होतं ते मला माहीत नाही."

आठवत नाही आणि माहीत नाही यांतला फरक या माणसाने चाळीस वर्षं साक्षीदारांना समजावला होता. तपासनीसने त्यांचं उत्तर शब्दशः लिहून घेतलं आणि उठली. दारात तिने विचारलं, "तेव्हाचा प्रोग्रामर कुठे असतो?"

"दाढी? दुसऱ्या गावी. भांडून गेला. जाताना म्हणाला, तुमच्या संस्थेत माणसांपेक्षा कुलपं जास्त आहेत."

प्रोग्रामरने हे दाराबाहेरून ऐकलं. व्हरांड्यात ती तपासनीसच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, त्याचीच किल्ली आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. तोच असणार."

"त्याचं मशिन हळू होतं का?"

"त्याचं माहीत नाही. पण मी इथे आले तेव्हा एक जुनं मशिन होतं." ती बोलता बोलता थांबली. "अजून आहे ते. त्याच्या डोक्यावर प्रिंटर ठेवलाय."

५

मंगळवारी सकाळी दोघींनी मिळून प्रिंटर उचलला. खालच्या मशिनवर प्रिंटरच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन होते, बाकी सगळीकडे बोटभर धूळ. वायर सापडायला अर्धा तास गेला. मशिन सुरू व्हायला सात मिनिटं लागली.

"आधी हे शेवटचं कधी सुरू झालं होतं ते बघा," तपासनीस म्हणाली.

प्रोग्रामरने नोंद काढली. तीन वर्षं दोन महिने.

"आता किल्ली बसवा."

आकडा आला पाच लाख सत्याण्णव हजार. दुसऱ्यांदा सहा लाख चार हजार.

प्रोग्रामर खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे ती किल्ली यावरच बसवलीय. पण हे तीन वर्षांत सुरूच झालेलं नाही."

"मग काय निष्कर्ष निघतो?"

"किल्ली नवी नाही." ती हळूहळू बोलत होती, एकेक पायरी पायाने चाचपून बघावी तशी. "आमचे खाने कोणी एकेक करून काढले नाहीत. जुनं अख्खं हेडर वरून बसवलं. पहिल्या दिवशीचं. तेव्हा एकच खाना होता. खरी किल्ली तेव्हापासून बदललेली नाही, म्हणजे ते पहिलं वाक्य आजही चालेल." मग तिचा चेहरा उतरला. "पण हेडरची प्रत नाहीच आहे."

"तुम्ही काढलेली नाही."

"हो."

"तुमच्या आधी कोणी काढली होती का, हे विचारलंत कधी?"

प्रोग्रामरने नाही म्हटलं. आपण जे करत नाही ते इथे कधी झालंच नसणार, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. त्याच विश्वासावर तिने कुलपाशिवायचं एक बटण मेनूत ठेवलं होतं.

६

चौथ्यांदा लावल्यावर दाढीने फोन उचलला.

"त्या संस्थेचं काही असेल तर मी घरी नाही," तो म्हणाला.

"मी आयोगाकडून बोलतेय. डिस्क बसवलीत त्या दिवशी हेडरची प्रत काढली होती?"

"काढली होती ना. लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, प्रत काढा आणि दुसरीकडे ठेवा. एका पेनड्राइव्हवर घेतली, लिफाफ्यात घातली, वर लिहिलं, डिस्क बिघडल्यास हे बसवा."

"लिफाफा कोणाला दिला?"

"टेबलावर ठेवला. तिथे टेबलावर काहीही ठेवा, दुसऱ्या दिवशी ते फाइलला लागलेलं असतं."

"पहिलं वाक्य तुम्ही टाकलंत?"

तो हसला. "मी? मला खोलीबाहेर उभं केलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, कुलूप करणाऱ्याने किल्लीकडे बघायचं नसतं. मी व्हरांड्यात. दार बंद."

"आत कोण होतं?"

"दोघं होते. वकीलसाहेब आणि मावशी."

"बाहेर काही ऐकू आलं?"

"कीबोर्डचा आवाज. लांबलचक वाक्य असणार, पण पाच-सहा सेकंदांत संपलं. मधे कुठे अडखळणं नाही. वाक्य दोनदा द्यावं लागतं, दुसऱ्या वेळीही तसंच. मी तेव्हा मनात म्हटलं, म्हातारबुवांचा हात चांगला बसलाय. का हो? काय झालंय?"

तपासनीसने त्याचे आभार मानून फोन ठेवला. कारखान्यातल्या चार मरणांच्या चौकशीत आपण काय शोधून काढलं ते तिला कळलं होतं आणि त्याचा तिला आनंद झाला नव्हता.

७

अकरा वाजता ती मावशींच्या टेबलासमोर जाऊन बसली. दार तिने लोटून घेतलं.

"मावशी, प्रोग्रामरला पहिलं वाक्य माहीत नव्हतं. जुनं हेडर बसवून तिने स्वतःलाच बाहेर काढलं असतं. आणि प्रत आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. दाढीने केलं असतं तर त्याची स्वतःची किल्ली ज्यात आहे ते हेडर त्याला लागलं असतं. पहिल्या हेडरमध्ये ती नाही. राहिले काका. फायली तुम्हीच लावता, काकांना लिफाफा कुठल्या फाइलला लागलाय ते माहीत नसतं आणि पाच सेकंदांत ते फार तर पाच अक्षरं टाइप करतात."

मावशींनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यात काहीच वाजत नव्हतं.

"वाक्य काकांनी सांगितलं आणि तुम्ही टाइप केलं, असं आधी मला वाटलं," तपासनीस पुढे म्हणाली. "पण ते म्हणतात, मला माहीत नाही. खोटं ते बोलत नाहीत."

"ते म्हणाले होते, तुम्हीच ठरवा आणि मला सांगू नका. शपथेवर विचारलं तर मला खरं सांगावं लागेल." मावशींचा आवाज नेहमीसारखाच होता. "पुढे प्रत्येकाची वेगळी किल्ली झाली. माझं ते वाक्य काढून टाकलं. डिस्कमधून काढलं, डोक्यातून कसं जाणार?"

"हेडर परत बसवायच्या बटणाखाली दुसरं एक बटण होतं. ते दाबलं असतं तर ब्रह्मदेवालाही ती डिस्क उघडता आली नसती."

"वाचलं मी ते."

"म्हणून मला तुमच्यापर्यंत यायला वेळ लागला. पुरावा संपवायला निघालेला माणूस खालचं बटण दाबतो. वरचं दाबणाऱ्याला तो जिवंत ठेवायचा होता, फक्त तिथे जायची वाट आपल्या एकट्याच्या डोक्यातून जावी असं त्याला हवं होतं. का, तेवढं सांगा."

मावशींनी भिंतीवरच्या अर्जाकडे पाहिलंही नाही. तो त्यांना पाठ होता. "एकेचाळिसांपैकी एकवीस जण अजून त्याच कारखान्यात जातात. तुमच्या आयोगासमोर डिस्क उघडली की कारखान्याचा वकील पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकणार. सही काकांची असते, पण समोर बसून तो कागद वाचून दाखवते मी. एका बाईला वाचता येत नव्हतं, तिने मला तीनदा वाचायला लावला. तिसऱ्यांदा म्हणाली, तुम्ही म्हणताय ना, मग बोलते. काकांना आदेश मोडता येत नाही. पोरगी तरुण आहे, तिचं पुढचं आयुष्य जाईल. मग कोण राहिलं?"

"आणि सतरावा?"

"तो तर गेला. त्याला परवानगी विचारता येत नाही," मावशी म्हणाल्या. "पण त्याने सांगितलं होतं, हे सगळ्यांना ऐकवा. मीच टाइप केलंय ते. त्याच्यावर मी अन्याय केला, हे मला शनिवारी बटण दाबतानाच माहीत होतं. दोघांपैकी एकाला दिलेला शब्द मोडायचाच होता."

"मला अहवालात तुम्हाला लिहावं लागेल, मावशी. मी गाळणार नाही."

"गाळू नका. उगीच दुसऱ्या कोणावर येईल."

"अहवालात मी आणखी एक गोष्ट लिहिणार आहे. डिस्क शाबूत आहे आणि तिची किल्ली सध्या एका साक्षीदाराकडे आहे. साक्षीदाराला बोलावून विचारावं लागतं. उद्या अकराला."

मावशी उठल्या. दार उघडून त्या व्हरांड्यात गेल्या आणि बाकावर बहिणीच्या शेजारी बसल्या.

"डिस्क मी बंद केली," त्या म्हणाल्या.

बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं. "काल तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

"हो."

"तेव्हाही तुम्हीच बंद केलेली होती."

"हो."

"माझा भाऊ तुमचं काय लागत होता? काय बिघडवलं होतं त्याने तुमचं?"

"काहीच नाही. त्याची जबानी उद्या देते. त्याचीच. बाकीच्या चाळिसांची नाही."

बहिणीने विचारलं, "त्या चाळिसांत भावाच्या बाजूने कोणी बोललंय?"

"ते सांगता येणार नाही."

"मलासुद्धा?"

"तुलासुद्धा."

बहीण उठून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, मावशींकडे पाठ करून.

संध्याकाळी तपासनीसने अहवाल काकांना वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं." त्यांनी कागद परत दिला. "उद्या मी संचालक म्हणून येत नाही. माझा राजीनामा आयोगाला कळवा. मी मावशींचा वकील म्हणून येतो."

८

बुधवारी सकाळी आठला मावशींनी आपलं जुनं वाक्य टाइप केलं आणि डिस्क उघडली. प्रोग्रामर भिंतीकडे तोंड करून उभी होती. सतरावी जबानी वेगळ्या डिस्कवर घेतली आणि पहिली पुन्हा बंद केली.

आयोगासमोर ती अकरा मिनिटं चालली. भाजलेल्या घशातून येणारा आवाज होता, मधे मधे थांबणारा. झडप बांधायचा हुकूम पाळीच्या इंजिनिअरने दिला, मी नाही म्हटलं, त्यांनी स्वतः तारेने बांधली. मी पाळीच्या नोंदवहीत लिहिलं. ते पान आता वहीत नसेल, पण खालच्या पानावर माझ्या पेनाचा दाब उठलेला असेल, मी दाबून लिहितो. हे सगळ्यांना ऐकवा. एवढं म्हणून आवाज संपला.

अध्यक्षांनी नोंदवही मागवली. ती आयोगाच्याच ताब्यात होती. त्यांनी एक पान उजेडाकडे तिरकं धरलं आणि शेजारच्या सदस्याकडे दिलं. कारखान्याच्या वकिलाने लिहिणं थांबवलं. बारा वाजायच्या आत मसुद्यातले "बॉयलर चालकाच्या हलगर्जीपणामुळे" हे शब्द वगळायचा आदेश झाला. बहीण पहिल्या रांगेत होती. तिने शेजारच्या माणसाला विचारलं, "वगळले म्हणजे कायमचे ना?" तो हो म्हणाला. तरी तिने आणखी एकाला विचारलं.

मग अध्यक्ष मावशींकडे वळले. "बाकीच्या चाळीस?"

"ज्यांच्या आहेत त्यांना विचारून सांगते."

"विचारून सांगा, असा आदेश नव्हता."

वकीलकाका उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. त्यानंतर अध्यक्षांनी सांगितलं की मावशींनी आयोगाच्या कामात अडथळा आणला आहे, त्याची वेगळी कारवाई होईल आणि ती टळणार नाही. साक्षीदारांची परवानगी आणायला पंधरा दिवस. जे हो म्हणतील त्यांच्या जबान्या ऐकू, जे नाही म्हणतील त्यांचा विचार नंतर.

जिन्यात बहिणीने मावशींना गाठलं.

"पंधरा दिवसांत चाळीस घरं?"

"जमेल तेवढी."

"मीही येते."

"नको. कोण कोण बोललं ते तुला कळता कामा नये. दार कोणाचं ते तू बघितलंस तरी माझा शब्द गेला."

बहिणीने विचार केला. तिच्या हातात शिलाईच्या कापडांची पिशवी होती, ती तिने दुसऱ्या हातात घेतली.

"मग मी बसथांब्यावर बसते," ती म्हणाली. "शिवायला काम आहे बरोबर. तुम्ही जाऊन या. एकट्याने असल्या घरांतून परत येणं बरं नसतं."

पहिल्या दिवशी चार घरं झाली. तीन जण हो म्हणाले. मावशी थांब्यावर आल्या तेव्हा बहिणीने कोण, ते विचारलं नाही, आणि मावशींनी किती, तेवढंच सांगितलं.